जुने लष्करी घाटणीचे पिस्तूल घेण्याआधी: गोव्यातल्या परवानाधारकासाठी क्रमवार तपासणी

या व्यवहारात नुकसान बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: क्रम उलटा लागतो. आधी पिस्तूल दिसते, ते मनात भरते, विसार दिला जातो आणि मग परवाना उघडून बोअर (नळीचा आतला व्यास आणि त्यात चालणारे काडतूस) पाहिला जातो. तोवर विक्रेत्याने पैसे वापरलेले असतात आणि कलेक्टर कचेरीतून उत्तर येते की हे शस्त्र तुमच्या परवान्यावर चढणार नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. एका टप्प्यावर अडलात तर पुढचा उघडू नका.

इथे वॉल्थर पीपी व पीपीके, कोल्ट १९०३, एफएन ब्राउनिंग १९१० आणि सॅव्हेज यांच्यासारख्या जुन्या पिस्तुलांचा विचार केला आहे. सर्वसामान्यांसाठी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बंद झाली. त्यामुळे बाजारात फिरणारा परदेशी माल बहुतेक त्याआधीचा आहे. किंमत टंचाईची असते, पण लोखंडाचे वय त्याने कमी होत नाही.

## १. आधी बोअर ठरवा

लष्करी घाटणीचे प्रत्येक पिस्तूल नागरिकाला घेता येत नाही. लष्करी ९ मिमी काडतूस चालणारी, तसेच ०.३८० व ०.४५५ ची रिमवाली (तळाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसे चालणारी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर, वॉल्थर पी-३८, ९ मिमी ल्युगर, वेब्ली मार्क ६ आणि ०.३८० चे एनफिल्ड ही नावे यादीतून आताच काढा. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या साध्या परवान्यावर ती चढत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षे असून ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. विक्रेता म्हणेल, ‘आजवर कोणी विचारले नाही.’ तिथेच बोलणे थांबवा.

उरलेल्यांत व्यवहारी पर्याय एकच, ०.३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल). त्याचे काडतूस खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात बनते आणि परवानाधारक दुकानदाराकडे मिळते. ०.४५ एसीपी प्रतिबंधित यादीत येत नाही (०.४५५ वेगळे, गल्लत करू नका), पण त्याची काडतुसे आयात केलेली आणि महाग असतात, शिवाय वेळेवर मिळत नाहीत. ७.६५ पॅराबेलमचे ल्युगर घेणाऱ्याने तर काडतूस आधी शोधावे. काडतूस मिळत नसेल तर ते पिस्तूल शोभेच्या वस्तूसारखे पडून राहील, आणि तरीही त्याच्या परवान्याची जबाबदारी तुमच्यावरच राहील.

सावध: ‘बत्तीस बोअर’ एवढे ऐकून काडतुसे घेऊ नका. सरकारी कारखान्याच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरला ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागते, त्याची केस (काडतुसाचे धातूचे नळकांडे) सुमारे २३.४ मिमी लांब असते. पिस्तुलाच्या एसीपीची केस १७.३ मिमी असते. नाव सारखे असले तरी एकाचे दुसऱ्यात चालत नाही. पावतीवर ‘एसीपी’ हा शब्द लिहून घ्या.

## २. स्वतःचा परवाना वाचा

परवाना समोर ठेवा आणि पाच गोष्टी पाहा: शस्त्राचा प्रकार (पिस्तूल की रिव्हॉल्व्हर), बोअर, मुदत, क्षेत्र आणि काडतुसांचे आकडे. काडतुसांचे आकडे दोन असतात, एकावेळी किती बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील. युनिक ओळख क्रमांक परवान्यावर आहे का, तेही बघा. तो नसेल तर पुढचे सगळे अडते.

२०१९ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका-पिस्तुले ठेवता येतात. सत्तरी, सांगे, काणकोणकडच्या अनेक घरांत शेतातल्या रानडुकरांसाठी बारा बोअर आधीच असते. तीही या दोनांत मोजली जाते. वारशाने मिळालेले शस्त्रही या मर्यादेतच बसवावे लागते. दोन शस्त्रे असतील तर आधी एक कमी करा, मगच नवीन बघा.

परवाना मिळाल्यावर शस्त्र घेण्यासाठी मुदत असते. जुने पिस्तूल शोधायला आणि त्याचे कागद सरळ व्हायला महिने जातात. मुदत संपत आली असेल तर शोध सुरू करण्याआधी वाढ मागा.

तपासा: परवाना अजून मिळालाच नसेल तर थांबा. ‘आठ दिवस घरी ठेवून बघा, आवडले तर घ्या’ असे कोणी म्हटले तर ते साफ नाकारा. ते ठेवणे म्हणजेच विनापरवाना बाळगणे.

## ३. विक्रेत्याचे कागद

विक्रेता दोन प्रकारचा असतो. परवानाधारक दुकानदाराकडून घेणे सोपे, कारण त्याच्या नोंदवहीत शस्त्राचा आधीचा प्रवास असतो. त्या नोंदीची प्रत मागा.

खासगी मालकाकडून घेताना शस्त्र कायदा १९५९ चे कलम ५ लागू होते. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते. त्यात विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता हवा. कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाईपर्यंत शस्त्र हातात द्यायचे नसते. तारीख लेखी अर्जाची धरली जाते, फोनवरच्या बोलण्याची नव्हे, म्हणून आवक शिक्का असलेली प्रत तुमच्याकडे हवी. त्याशिवाय दोन्ही बाजूंच्या कचेरीचा ना हरकत दाखला घ्या. उत्तर गोव्यातल्याने दक्षिण गोव्यातल्याकडून घेतले तरी कचेऱ्या दोन झाल्या. बेळगाव, सावंतवाडी, कोल्हापूरकडून आणायचे असेल तर परवान्याचे क्षेत्र आणि वाहतूक या दोन गोष्टी लेखी विचारा. परवाना फक्त गोव्यापुरता असेल तर पत्रादेवी किंवा मोलेची चौकी ओलांडताच तुमचे कागद अपुरे पडतात.

विक्रेत्याचा परवाना चालू आहे का? नूतनीकरण राहून गेलेल्या परवान्यावरचे पिस्तूल विकायला तो मोकळा नाही.

जुन्या घरातले पिस्तूल. हा गोव्याचा खास प्रश्न आहे. पोर्तुगीज लष्कराने सॅव्हेजची ०.३२ पिस्तुले आणि ७.६५ पॅराबेलमची ल्युगर वापरली होती. १९६१ आधीच्या घरांत पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर असे काही निघते. घरातले म्हणतात, ‘आजोबांचे, म्हणून आपलेच.’ परवान्याचा माग नसेल तर ते कोणाचेच नाही, आणि ते विकतही घेता येत नाही. साफ करू नका, घोडा ओढू नका, गाडीत घालून फिरवू नका. वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाण्याला लेखी कळवा. परवाना होता आणि परवानाधारक वारला असेल तर वाट वेगळी आहे: शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचे आणि वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. तुम्हाला विकायची पाळी त्यानंतर येते. मधला टप्पा गाळून भावंडांपैकी एकाच्या सहीवर केलेला व्यवहार टिकत नाही.

## ४. पाहायला जाताना काय न्यायचे

परवान्याची प्रत, छोटा एलईडी टॉर्च, भिंग, पांढरे सुती फडके, खोडरबराची पेन्सिल आणि ०.३२ एसीपीची दोन डमी (दारू नसलेली, नकली) काडतुसे. पेन्सिल ०.३२ च्या नळीत सैल जाईल अशी बारीक हवी. जिवंत काडतूस नेऊ नका आणि तिथे ठेवलेले असेल तर दुसऱ्या खोलीत पाठवा. दिवसाउजेडी जा. ट्यूबलाइटखाली नवा मुलामा (लोखंडावरचा काळसर थर) जुन्यासारखा दिसतो.

पाहणी मालकाच्या समोरच व्हायला हवी. मालक खोलीबाहेर गेला तर पिस्तूल टेबलावर ठेवा.

## ५. रिकामे करा

आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा. उलटे केले तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते तिथे) चढते आणि मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे वाटते. बरेच अपघात इथे होतात.

स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये टॉर्च टाका, मग करंगळीचे टोक घालून चाचपा. डोळा चुकला तरी बोट चुकत नाही. वॉल्थर पीपीच्या घोड्याच्या (मागच्या हातोड्याच्या) वर स्लाइडमध्ये एक बारीक पिन असते, चेंबर भरलेले असेल तर ती बाहेर येते. तिच्यावर विसंबून राहू नका, जुन्या तेलात ती अडकून बसते.

## ६. क्रमांक आणि छाप

कागदावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक एकेक आकडा बोलून जुळवा. ३ चा ८, १ चा ७ झालेले परवाने पुष्कळ सापडतात. चूक कारकुनी असली तरी ती विक्रेत्याच्या नावावर असतानाच दुरुस्त व्हायला हवी. खरेदीनंतर ती तुमची होते.

क्रमांकाभोवतीचे लोखंड भिंगातून पाहा. तेवढाच भाग किंचित खोलगट, जास्त चकचकीत किंवा घासलेला दिसला तर व्यवहार सोडा. ओळखखूण खोडलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडते त्यानेच ती खोडली असे कलम ८ गृहीत धरते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येते.

नंतर चाचणीचे छाप. जर्मन पिस्तुलावर मुकुटाखाली ‘एन’, १९३९ नंतरच्यावर गरुडाखाली ‘एन’. बेल्जियन एफएनवर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’. छाप सरळ, सारख्या खोलीचे आणि कडा स्वच्छ असतात. गावठी नकलेवर अक्षरे वाकडी, अंतरे कमीजास्त, कंपनीच्या नावात एखादे अक्षर चुकलेले असते. अशी नक्कल कितीही सुबक असली तरी तिच्या नळीच्या पोलादाचा भरवसा नाही.

नव्या मुलाम्याची ओळख पिनच्या भोकांवर होते. मूळ पिस्तुलात भोकाची कड तीक्ष्ण असते. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पिस्तुलात ती बशीसारखी उतरती होते आणि शेजारची अक्षरे विरून जातात. नवा मुलामा हा दोष नव्हे, पण तो मूळ म्हणून विकला जात असेल तर किंमत खाली आणा.

## ७. नळी

फडक्याने नळी पुसून घ्या. तेल भरलेली नळी सगळेच लपवते. वॉल्थरची नळी सांगाड्याला घट्ट बसवलेली असते, त्यामुळे स्लाइड काढून पुढून बघा.

आटे (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) सलग आणि कडा उठून दिसायला हव्यात. राखाडी, खरबरीत तळ म्हणजे जुन्या गंजक प्राइमरची (तळाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीची) काडतुसे मारून वेळेवर न धुतल्याची खूण. हलके खड्डे असतील तर पिस्तूल चालते, अचूकता थोडी घटते. पण नळीत कुठे एका गोल सावलीसारखी काळी कडी दिसली तर थांबा. तिथे नळी फुगलेली आहे, अडकलेल्या गोळीवर दुसरी मारल्याने असे होते. बाहेरून बोट फिरवून खात्री करा. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही.

मुठीच्या पट्ट्यांखाली काय आहे ते मालकाला काढून दाखवायला सांगा. किनारपट्टीवरच्या पिस्तुलात घाम आणि खारी हवा तिथेच साठते. वरून आरसा आणि पट्टीखाली पापुद्रे, हे नेहमीचे दृश्य आहे. सॅव्हेजला हे लागू नाही: त्याच्या रबरी पट्ट्या स्क्रूशिवाय खाचेत बसवलेल्या असतात आणि शंभर वर्षांनी काचेसारख्या तडकतात. त्या ओढू नका, कडेच्या फटीतून टॉर्चने बघा.

## ८. घोडा, चाप, सेफ्टी

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्येक चाचणी रिकाम्या पिस्तुलावर, डमी काडतूस चेंबरमध्ये घालून. जुन्या फायरिंग पिनचे (प्राइमरवर आपटणाऱ्या पिनचे) टोक ठिसूळ असते, रिकाम्या चेंबरवर आपटले तर तुटते.

पहिली चाचणी, चाप दाबून धरण्याची. घोडा चढवा, चाप (ट्रिगर) दाबा, दाबलेलाच ठेवून स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि सोडा. घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. आता चाप हळू सोडा, ‘टिक’ जाणवेल. पुन्हा दाबल्यावर घोडा पडावा. स्लाइडबरोबरच घोडा पडला तर डिस्कनेक्टर (एका दाबाला एकच गोळी सोडणारा भाग) गेला आहे, आणि अशा पिस्तुलातून एका दाबात दोन-तीन गोळ्या सुटू शकतात.

दुसरी, सेफ्टीची, वॉल्थर सोडून (तिची सेफ्टी घोडाच पाडते). घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप जोराने दाबा, सोडा. मग सेफ्टी काढा. याच क्षणी घोडा पडला तर सेफ्टी चापाला अडवत होती, पण आतला अडकवा (चढलेला घोडा धरून ठेवणारा भाग) निसटला होता. ही चूक बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण ते सेफ्टी लावून चाप दाबतात, काही झाले नाही म्हणून खूश होतात आणि सेफ्टी काढून बघतच नाहीत.

तिसरी, ढकलण्याची, फक्त बाहेर घोडा असलेल्या वॉल्थरसाठी. चढलेल्या घोड्याला अंगठ्याने मध्यम जोर द्या. पडला तर अडकव्याची कड झिजली आहे किंवा कोणीतरी चाप हलका करायला ती घासली आहे.

चौथी, मुठीच्या सेफ्टीची, फक्त कोल्ट १९०३ आणि एफएन १९१० साठी. मागची पट्टी न दाबता चाप दाबा, काही होता कामा नये. एफएनमध्ये मॅगझिन बाहेर असताना चाप लागत नाही, म्हणून ही चाचणी रिकामे मॅगझिन आत घालूनच करा. नाहीतर मुठीची सेफ्टी चांगली आहे असा खोटा निकाल येतो.

पाचवी, पेन्सिलची. डमी काढा, पिस्तूल वर रोखून पेन्सिल खोडरबराकडून नळीत सोडा आणि चाप दाबा. पेन्सिल उसळून बाहेर यायला हवी. जागीच हलली तर पिन आखूड झाली आहे किंवा स्प्रिंग मेली आहे.

वॉल्थर घेणाऱ्याने: सेफ्टी खाली केली की घोडा आपोआप पडतो. आतला अडसर झिजलेला असेल तर तो पिनवर आदळतो. ही सोय फक्त रिकाम्या पिस्तुलावर तपासा. जुन्या वॉल्थरवर भरलेल्या चेंबरने ती वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सॅव्हेज घेणाऱ्याने: मागे दिसणारा घोडा खरा घोडा नाही, तो पिनला जोडलेला दांडा आहे. भरलेल्या चेंबरवर तो खाली सोडला तर पिन प्राइमरवर टेकून राहते. पिस्तूल पडले की गोळी सुटू शकते. चेंबर रिकामे ठेवूनच बाळगायचे पिस्तूल आहे हे.

एफएन १९१० उघडताना: पुढची कडी फिरवली की नळीभोवतीची स्प्रिंग उडते. कडीवर तळहात ठेवा, तोंड बाजूला घ्या.

## ९. मॅगझिन

गोळी अडकण्याचा दोष पिस्तुलावर टाकला जातो, तो बहुतेकदा मॅगझिनचा असतो. वरच्या दोन ओठांत अंतर सारखे हवे. पक्कडीने दाबल्याचे ओरखडे असतील तर ते वाकवून सरळ केलेले आहे. मॅगझिन मूळचे आहे का, गोळ्या किती बसतात ते विचारा: वॉल्थर पीपी ८, पीपीके ७, कोल्ट १९०३ ८, एफएन १९१० ७, सॅव्हेज १०.

डमी भरताना एक गोष्ट ध्यानात घ्या. ०.३२ एसीपीच्या तळाला किंचित बाहेर आलेली रिम असते. वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या मागे गेली तर दोन्ही कुलपासारख्या अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी गोळी चढत नाही. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या पुढे बसवायची.

शेवटच्या गोळीनंतर कोल्ट १९०३ आणि एफएन १९१० ची स्लाइड मागे थांबत नाही, तो दोष नाही. वॉल्थरची थांबते. तिची थांबत नसेल तर मॅगझिन किंवा स्लाइड अडवणारा खटका बघा.

## १०. चाचणी गोळीबार

परवानगी असलेल्या रेंजवर किंवा दुकानदाराच्या व्यवस्थेतच. काजूच्या बागेत किंवा नदीकाठी नव्हे. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ.

पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी. दुसऱ्या वेळी दोन. पूर्ण मॅगझिन त्यानंतर. आतला अडकवा गेलेला असेल तर दोन गोळ्यांत तो दोष दिसतो आणि पिस्तूल तुमच्या ताब्यात राहते. आठ गोळ्यांत ते राहणार नाही.

पडलेल्या केसेस गोळा करा. प्राइमरवरचा ठोका मध्यभागी हवा. केस एका बाजूला फुगली असेल तर चेंबर सैल आहे. कागदावर गोलऐवजी लांबट भोके पडली तर गोळी आडवी जात आहे, आटे संपले आहेत.

## ११. पैसे आणि नोंद

विसार द्यायचाच असेल तर ‘ना हरकत दाखला न मिळाल्यास पूर्ण परत’ हे वाक्य लिहून. पावतीवर कंपनी, मॉडेल, बोअर, क्रमांक, मॅगझिनची संख्या. रक्कम बँकेतून द्या. पिस्तूल हातात येते त्याच दिवशी नोंद दोन्ही परवान्यांवर व्हायला हवी. विक्रेत्याच्या परवान्यावरून ते उतरले नाही तर कागदावर त्याचे दोन मालक राहतात, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस चुकीच्या घरी जाते.

दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. शस्त्राची दुरुस्ती करायलाही कलम ५ खाली परवाना लागतो. फायरिंग पिन लेथवर करून देणारा शेजारी आणि करून घेणारे तुम्ही, दोघेही अडचणीत येता. किंमत ठरवताना स्प्रिंगांचा संच आणि एक जादा मॅगझिन यांचा खर्च आधीच वजा करा. ते मिळतच नसतील तर पिस्तूल सोडा.

## १२. पहिला पावसाळा

चामड्याच्या पिशवीत पिस्तूल ठेवू नका. चामडे ओल धरते आणि जूनमध्ये ठेवलेल्या पिस्तुलावर सप्टेंबरात पिशवीच्या शिवणीचा गंजलेला ठसा उमटलेला असतो. खोबरेल तेलही नको. ते थंडीत थिजते, पुढे चिकट होते आणि पिन जागीच धरून ठेवते. बंदुकीचे पातळ तेल फडक्याला लावून पुसा, नळीत एक हात फिरवा, जास्तीचे काढून टाका.

लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि गणेश चतुर्थीपर्यंत दर पंधरा दिवसांनी बदला किंवा वाळवा. काडतुसे वेगळ्या कुलपात. मॅगझिन रिकामे ठेवा. मुठीच्या पट्ट्या महिन्यातून एकदा काढून आत पुसा, सॅव्हेज सोडून.